वेगळं ताट

मेसच्या भिंतीवर ठिपक्यांचं जाळं उमटलं आणि रत्नानं आधी भार्गवीचा ठिपका शोधला.

पुण्याहून आलेल्या शैलजा मॅडम समजावून सांगत होत्या. भोरच्या या कॉलेजात तापाची साथ आली तेव्हा मुलींच्या नाकातले नमुने नेले होते. त्यातल्या विषाणूची जनुकं प्रयोगशाळेत अक्षर अक्षर वाचली. एकीकडून दुसरीकडं जाताना त्यातलं एखादं अक्षर बदलतं, त्यावरून कुणाचा ताप कुणाकडून आला त्याचा माग लागतो. नावं कुणाचीच नव्हती. वसतिगृहातल्या खोल्यांचे नंबर होते, आणि मधोमध लाल ठिपका, ‘वाढदिवस’. आता त्या आठवड्यात भोरात वाढदिवस भार्गवीनंच केला होता, हे काय सांगायला हवं होतं?

लाल ठिपक्यातून एक रेघ सरळ सहा नंबरच्या खोलीत शिरली होती. सहा नंबरात दोघीच राहायच्या, रत्ना आणि सुलक्षणा. ताप आला होता एकट्या सुलक्षणाला.

रत्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कापूरहोळला मावशीकडं गेलतीस न्हवं?” ती शेजारी बसलेल्या सुलक्षणाच्या कानाशी फणकारली. “मावशीनं केक कापला व्हय?”

सुलक्षणानं मान खाली घातली.

गावी पासलीच्या शाळेत होत्या तेव्हापासून दोघी एका ताटात जेवत आलेल्या. मग ही भार्गवी आली, स्कूटीवाली, गोडबोली, आणि सुलक्षणाच्या तोंडी दिवसभर तिचंच नाव. तेही रत्नानं गिळलं असतं. पण तापाच्या आधीच सुलक्षणानं ताट वेगळं केलं. ग्लास वेगळा घेतला, गादी व्हरांड्यात नेली. विचारलं तर म्हणे, उकडतंय! ताट वेगळं करणं म्हणजे काय असतं, हे रत्नाच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. त्या भार्गवीनंच हिचे कान भरले, असं तिनं पक्कं धरलं होतं.

ती ताडकन उभी राहिली. दोघींचं आता काही उरलं नाही, हे मॅडमच्याच तोंडून सगळ्यांना कळू दे. “मॅडम, सहा नंबरातनं फुडं एकबी रेघ कशी न्हाई?”

“त्याचंच मलाही नवल वाटलं,” मॅडम म्हणाल्या. “एवढ्याशा खोलीत एकीचा ताप दुसरीला लागल्याशिवाय राहत नाही. बाकी सगळ्या खोल्यांत लागलाच. इथं मात्र कुणीतरी आधीपासून दुसरीला जपलंय.”

रत्ना हळूच खाली बसली.

“केक खाल्लेल्या पोरी पटापटा आजारी पडाय लागल्या,” सुलक्षणा पुटपुटली. “तुला सांगितलं असतं, तर कुठं गेलते ते बी सांगावं लागलं असतं.”

मॅडम गेल्या, जेवणाची घंटा झाली. सुलक्षणानं तापापासूनच्या सवयीनं दोन ताटं उचलली. रत्नानं एक तिच्या हातातून काढून घेतलं आणि मांडणीवर पालथं घातलं. दोघी भिंतीकडेला बसल्या. पहिला घास झाला, दुसरा झाला, तरी रत्ना तिच्याकडं बघेना.

“केक कसला व्हता?”

“अननसाचा.”

“मला आवडतो त्योच,” रत्ना म्हणाली, आणि भाकरीचा मोठा तुकडा आपल्याकडं ओढला.