ग्रहणाचा उपास

अक्षरा उंबऱ्यावर बसून ज्वारीचे दाणे एका डब्यातून दुसऱ्यात टाकत होती. संपले की पुन्हा उलटे. अंगानं चौदा वर्षांची, समजेनं चार-पाचची.

दवाखान्यातून आलेल्या पूनमनं सासूकडं पाहिलं. पूनमला दुसरा महिना होता.

"आत्या, एक विचारू? अक्षराच्या वेळी तुमच्या अंगावर पुरळ उठलं होतं का?"

शरणम्मा तळहातावरच्या इष्टलिंगाला बेल वाहत होत्या. हात थांबला. "का गं?"

"रुबेला म्हणून ताप असतो म्हणं. सुरुवातीच्या महिन्यांत आईला झाला तर पोटातल्या लेकराच्या मेंदूला लागू शकतो. माझं रक्त तपासलं, त्यात त्या तापाशी लढायची ताकद न्हाई. लसही आता पोटुशी असताना देता येत न्हाई."

शरणम्मांनी लिंग वस्त्रात बांधलं.

"उठलं होतं. दोन-तीन दिवस, बारीक. शेजारच्या लेकराला देवी आलत्या, असंच अंगभर लाल पुरळ; देवीचा निवद म्हणून त्याला मांडीवर घेऊन दहीभात भरवला होता म्या. पण म्या तर ग्रहणात भाजी चिरलती. सगळे तेच म्हणले. तवापासून एक ग्रहण सोडलं न्हाई. पाण्याचा घोट बी न्हाई. पुरळाचं कुणी विचारलंच न्हाई गं."

"त्या पुरळामुळंच झालं, असं आता नक्की सांगता यायचं न्हाई, आत्या."

"आन् एकदा येऊन गेलं की पुन्हा येतंय का ते?"

"सहसा न्हाई."

तेवढ्यात शेजारच्या लक्ष्मीबाई दारात आल्या. "शरणम्मा, आमच्या नातवाला देवी आल्यात. अंगभर लालेलाल झालंय. दहीभात भरवायला पूनमला धाडा. पोटुशीच्या हातचा निवद देवीला लई आवडतोय."

"म्या येते. ती न्हाई."

"देवीला न्हाई म्हणायलाव? तुम्ही? रोज पूजा करणाऱ्या?"

शरणम्मांनी हात जोडले, लक्ष्मीबाईंच्या घराच्या दिशेनं. "देवीचा राग माझ्यावर येऊ दे. लेकराला दवाखान्यात बी दाखवू आपण, आजच." मग अक्षराच्या डोक्यावर हात ठेवला. "दारात बस. वैनीला बाहेर सोडू नको. कुणाला आत बी सोडू नको."

त्या परतल्या तेव्हा ऊन पायरीवर आलं होतं. डबे बाजूला पडले होते. अक्षरा दोन्ही पाय चौकटीला लावून आडवी बसली होती.

"सरक की गं, बाळा."

अक्षरानं मान हलवली. "कुणालाच न्हाई."

शरणम्मांनी निवदाची रिकामी वाटी खाली ठेवली आणि त्या पायरीवरच बसल्या.