पायाळू

"पाठीवर कुणी जोर दिला होता का?" एक्स-रेच्या फोटोवरची नजर न काढता डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," लेकीनं, प्रतीक्षानं तोंड उघडायच्या आत सिंधूताई बोलल्या. "न्हानीत पाय घसरला."



डॉक्टरांनी समजावलं. हाडं ठिसूळ झालीत. मणक्याला आधी नुसता बारीक तडा होता, नंतर भार पडून तो चेपला. आता पाठीतून सुई घालून त्यात सिमेंट भरायचं, चिरफाड नाही. "दुखणं जाईल. पोक मात्र राहणार. तडा होता तेव्हाच बुलढाण्याला आणायला हवं होतं."

तेव्हा आणलं नाही, कारण औषध घरातच होतं. प्रतीक्षा पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी आले. वडनेरात कुणाला उसण भरली की माणूस तिच्यापुढं पालथा व्हायचा, तीनदा पाय लावून घ्यायचा आणि चहा पिऊन जायचा. लेकीच्या पायांचा सिंधूताईंना कोण तोरा! महिन्यापूर्वी हंडा उचलताना पाठीत कळ आली, तेव्हा त्या स्वतःच ओसरीत पालथ्या झाल्या.

"जोरानं दे वं जरा."

तिसऱ्यांदा टाचेखाली कट्ट वाजलं. "निंगाली उसण!" सिंधूताई म्हणाल्या होत्या. दोघी हसल्याही होत्या.

सुईचं काम झालं. दुसऱ्या दिवशी सिंधूताई खाटेवर उठून बसल्या. महिन्यात पहिल्यांदा तोंडावर कळ नव्हती. पाठ मात्र विळ्यासारखी वाकलेली. प्रतीक्षाला आईला मिठी मारून रडायचं होतं, पण त्या पाठीला हात लावायची तिची छाती होईना.

"माय, डॉक्टरले खरं काऊन नाही सांगतलं?"

"काय सांगू? माह्या पोरीच्या पायानं मोडलं म्हून?"

प्रतीक्षा खाटेजवळच्या स्टुलावर बसली. शेजारच्या खाटेपाशी बसलेला माणूस कमरेवर हात दाबत कण्हत उठला. सिंधूताईंनी एकदा लेकीच्या पडलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मान वर करून त्याला हाक मारली.

"उसण भरली का भाऊ? माही पोर पायाळू हाय. किती लोकायले बरं केलं तिनं! लाव वं प्रतीक्षा, पाय लाव भाऊले."

प्रतीक्षानं दोन्ही पाय उचलून स्टुलावर घेतले, ओढणीखाली झाकले आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.