कॅनमधलं पाणी

पूर्वी अमेरिकेत मोंटानाच्या डोंगरांत ट्राउट माशांची पिल्लं खेचरावरून तळ्यांत नेत. खेचर चाललं की पाठीवरच्या कॅनमधलं पाणी हिंदकळायचं आणि पिल्लांना हवा मिळायची. म्हणून वाटेत थांबायचं नाही, हा दंडक. आयनारकाकांबरोबर निघालेल्या ऑर्फाच्या खेचरावरच्या कॅनमध्ये तर तिथल्या नदीतल्या मूळ जातीची शेवटची पिल्लं होती. वळणावर अस्वल उभं दिसलं आणि खेचर थिजलं. ऑर्फाच्या तोंडचं पाणी पळालं. “पळू नकोस, पोरी,” आयनारकाका कुजबुजले. “काका, पाणी थांबलंय. पिल्लं गुदमरतील.” “मग कॅन हलव.” “कसा? थरथरतेय मी!” “मग त्याला धरून थरथर!” तिनं कॅन कवटाळला, डोळे मिटले. अस्वलाचं फुरफुरणं जवळ येत गेलं, तसतसं पाणी अधिकच डुचमळलं. मग ते फुरफुरणं दूर जाऊन विरलं. काकांनी झाकण उघडलं. पिल्लं सळसळत होती. “एवढं काय घाबरायचं?” ते म्हणाले. त्यांच्या हातातलं झाकण कॅनवर खडखडत होतं.