गुडघेदुखी

लंडनजवळ पिनरला लेकाकडे, अनयकडे राहायला आल्यापासून सुहासिनीबाई डॉक्टरकडे जायच्या त्या अनयला घेऊनच, कारण इंग्रजीचा सगळा कारभार त्याच्याकडे. पण ‘मला जगणं नकोसं झालंय’ हे पोटच्या पोराच्या तोंडून कसं वदवून घ्यायचं? म्हणून दर वेळी त्या विषय गुडघ्यांवर आणायच्या आणि मलम घेऊन घरी परतायच्या.

या खेपेला नव्या डॉक्टरबाईंनी अनयला बाहेर बसवलं आणि टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकून एक मराठी दुभाषी जोडून दिली. परकं माणूस, ओळख ना पाळख. सुहासिनीबाईंनी पदर घट्ट धरला. आज बोलून मोकळं व्हायचंच.

“नमस्कार, बोला ना,” फोनमधून आवाज आला आणि त्यांनी तो लगेच ओळखला. गणपतीत शेजारच्या हॅरोतल्या मराठी मंडळाच्या माइकवरून ‘चला, आरतीला या’ म्हणून हाका मारणारी ही तर रश्मी! हिला कळलं म्हणजे अख्ख्या हॅरोला कळलं. अनयला तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

“काही नाही गं... गुडघे दुखतात,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाई फोनकडे बघत थांबल्या. रश्मीने ते इंग्रजीत सांगितलंच नाही.

 

“काकू,” ती हळूच म्हणाली, “माझी आईसुद्धा शेवटपर्यंत गुडघेच सांगत राहिली.”