तारण ठेवलेला पाना

"वायसर घेऊन आलोच," असं सांगून प्लंबर गेला त्याला आठवडा उलटला, तरी रेणावीकर निर्धास्त होते. बाथरूममधला शॉवर गळतच होता, पण प्लंबरचा लाल मुठीचा पाना त्यांनी तारण म्हणून ठेवून घेतला होता. तहसीलदारकी काही फुकट केली नव्हती.

खालचे दामले ओल्या छताची तक्रार घेऊन आले, तेव्हा रेणावीकरांनी तो पाना ऐटीत पुढे केला. "हत्याराशिवाय जाईल कुठे? झक मारत येईल."

दामल्यांनी त्यांना खाली आपल्या बाथरूममध्ये नेलं. शॉवर तिथेही ठिबकत होता. कोनाड्यात तसाच लाल मुठीचा पाना गंजत पडला होता आणि त्यावर साबणाची वडी होती.

"तुम्हीही असाच ठेवा," दामले म्हणाले, "साबण छान कोरडा राहतो."