गटापर्चाचे सहा चेंडू

पाद्रीबुवा प्रवचनाच्या दुसऱ्या तासात शिरले, तसा ॲडम इमरी खोकत उठला आणि चर्चबाहेर पडला. कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. बावीस वर्षं कातड्यात पिसं ठासून गोल्फचे चेंडू करणाऱ्या माणसाला खोकला यायचाच. फाइफच्या किनाऱ्यावर त्याचं कुणाला नवल नव्हतं. बायकोने, एल्स्पेथने, तेवढा रुमाल पुढे केला.

बाहेर आल्यावर खोकला थांबला. ॲडम घरी गेला नाही. तो गॅव्हिन विशार्टच्या परसातल्या खोपटाकडे वळला.

हा गॅव्हिन सात वर्षं ॲडमच्याच हाताखाली राबला होता. तोंड हसरं, हातात जादू. मैदानावर त्याने काठी फिरवली की कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत उभ्या राहत. ॲडमही चांगला खेळायचा, पण त्याचा खेळ बघायला कधी कुणी टोपली खाली ठेवली नव्हती. तेही त्याने एक वेळ गिळलं असतं. पण गेल्या महिन्यात गॅव्हिन काम सोडून गेला आणि गटापर्चाचे चेंडू वळू लागला. मलायातल्या कुठल्याशा झाडाचा तो चीक. गरम पाण्यात मऊ करायचा, तळहातांत वळायचा, गार पाण्यात टाकायचा, की झालं! ॲडमचे दिवसभर खपून चार चेंडू व्हायचे, तेवढ्या वेळात याचे चाळीस.

"छान गुळगुळीत दिसतात की," एल्स्पेथ म्हणाली होती.

"मग जा, त्याच्याच दारात बस बघत."

"बोलावलंय त्याने. तुलाही बोलावलंय. तूच तोंड फिरवतोस."

ॲडम त्यावर तीन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

शेवटी गोल्फ मंडळाच्या कप्तानांनी तोडगा काढला. सोमवारी दोघांनी आपापल्या चेंडूंनी खेळायचं आणि जिंकेल त्याचेच चेंडू मंडळाने यापुढे घ्यायचे. ॲडम हरला तर दुकानाला कुलूप. गॅव्हिन हरला तर त्याने पुन्हा ॲडमच्या हाताखाली यायचं. हे तर तो स्वतःच भर बाजारात बोलून बसला होता.

खोपटात खुंटीला थैली टांगलेली होती. आत सोमवारसाठी निवडलेले सहा चेंडू. ॲडमने एक हातात घेतला आणि त्याचा जळफळाट झाला. इतका वाटोळा, इतका नितळ चेंडू त्याच्या हातून जन्मात झाला नव्हता.

पळवून उपयोग नव्हता, गॅव्हिनने तासाभरात नवे वळले असते. ॲडमने खिशातून कातडं कापायची रापी काढली. चेंडूचा जीव त्याच्या सालीत असतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पिसांच्या चेंडूला नखाएवढी चीर गेली तरी तो हवेतच उसवतो. त्याने सहाही चेंडूंवर उभे-आडवे चर पाडले आणि थैली होती तशी बांधून ठेवली. रविवार देवाचा, त्या दिवशी गोल्फच्या सामानाला कुणी हात लावत नाही, आणि सोमवारी खेळ भल्या सकाळीच होता. शेवटच्या प्रार्थनेला तो पुन्हा एल्स्पेथच्या शेजारी उभा होता.

"बरं वाटतंय का आता?" तिने हळूच विचारलं.

"फारच."

सोमवारी अर्धं गाव मैदानावर लोटलं. पहिला फटका ॲडमचा. त्याचा पिसांचा चेंडू सरळ दीडशे पावलं गेला. टाळ्या पडल्या, बेताच्याच.

गॅव्हिनने थैलीची गाठ सोडली आणि एक चेंडू बोटांत फिरवून पाहिला. कप्तान वाकून बघू लागले. "हे काय रे? उंदरांनी कुरतडले की काय?"

"उंदीर चांगला दांडगा दिसतोय," गॅव्हिन म्हणाला.

ॲडमची कानशिलं तापली. "माझ्यातला एक देऊ का? जुन्या ओळखीखातर," तो मोठ्याने म्हणाला. लोक हसले.

"नको, उस्ताद. बोललोय तर ह्यांनीच खेळतो."

गॅव्हिनने वाळूचा चिमुकला ढीग केला आणि त्याच्यावर चेंडू ठेवता ठेवता, फक्त ॲडमला ऐकू जाईल असं बोलला. "तुम्हाला म्हणून सांगतो. हे धड असते तरी मी हरलोच असतो. बाजारात फुशारकी मारली तेव्हा एकही उडवून पाहिला नव्हता. मग आठवडाभर खाडीपलीकडे जाऊन गुपचूप मारले. साठ पावलं जातात, आणि गोळी लागलेल्या बदकासारखे खाली. काही केल्या उडत नाहीत. उद्यापासून येतो पिसं ठासायला. जागा आहे ना माझी?"

उगाच रविवार बाटवला, असं ॲडमला वाटलं आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला या माणसाची माया आली. गॅव्हिनच्या बाकावर त्याने अजून दुसऱ्या कुणाला बसू दिलं नव्हतं.

"आहे," तो म्हणाला. "तीच, खिडकीजवळची."

गॅव्हिनने मान डोलावली आणि काठी फिरवली.

चेंडू निघाला. चाळीस पावलं, पन्नास, साठ. ॲडम तो पडायची वाट बघत राहिला. चेंडू ॲडमच्या चेंडूवरून पुढे गेला, तरी अजून हवेतच होता. लोक आरडाओरडा करत त्याच्यामागे धावले.

गॅव्हिन मात्र तिकडे बघतही नव्हता. त्याने थैलीतून दुसरा चेंडू काढला होता आणि त्यावरून अंगठा फिरवत तो एकेक चर मोजत होता.