दिवंगत एल्डन हॅकेट यांची मुलाखत

थेट प्रक्षेपणाला दीड मिनिट उरलं असताना ड्वेन हॅकेटला समोरच्या खुर्चीत आपले वडील बसलेले दिसले. गेली एकोणीस वर्षं तो या माणसाच्या मरणाची गोष्ट टीव्हीवर सांगत आला होता.

गोष्ट अशी होती. वडील पेनसिल्व्हेनियातल्या कॅल्डर फोर्कमध्ये, म्हणजे आमच्या गावात, पोलादाच्या भट्टीवर कामाला. वॉशिंग्टनच्या साहेबलोकांनी भट्टी बंद पाडली आणि वडील हाय खाऊन गेले. मागे राहिली विधवा आई, पोरका ड्वेन आणि वडिलांचा जेवणाचा पत्र्याचा डबा. तो डबा रोज संध्याकाळी ड्वेनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात त्याच्या टेबलावर असायचा. विषय करवाढीचा असो, परदेशातून आलेल्या माणसांचा असो की शाळेतल्या पुस्तकांचा, ड्वेन डब्यावर हात ठेवायचा आणि त्याचा गळा दाटून यायचा. देशभरच्या आजोबांचाही यायचा.

डबा वाहिनीच्या सामानवाल्याने जुन्या बाजारातून आणला होता आणि त्याला पोचा हातोडीने पाडला होता. वडील, डॉक्टर एल्डन हॅकेट, चाळीस मैलांवरच्या बंगल्यांच्या वस्तीत दातांचे डॉक्टर होते. ड्वेनचं ते प्रसिद्ध शुभ्र हसू त्यांनीच बसवलेलं. आमच्या भट्टीवर हॅकेट नावाचा माणूस कधीच नव्हता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ड्वेनमुळे गावाचं नाव टीव्हीवर येत होतं, म्हणून आम्ही कुणी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आज सकाळी वाहिनीने आमच्या गावातल्या लव्हर्नच्या नाश्त्याच्या हॉटेलातून खास कार्यक्रम ठेवला होता. साध्यासुध्या कष्टकरी माणसांशी गप्पा. ड्वेनचा नवा करार शुक्रवारी व्हायचा होता आणि वाहिनीचे मालक स्वतः बघत होते.

"टेसा, हे गृहस्थ नकोत," ड्वेन निर्मातीच्या कानाशी पुटपुटला. "दुसऱ्या कुणाला तरी बसव."

"कुणाला बसवू?" टेसा म्हणाली. "बघ की जरा. सगळे लग्नाला आल्यासारखे कोट-टाय घालून आलेत. कष्टकरी दिसतोय तो हा एकटाच."

खरंच होतं. टीव्हीवर दिसायचं म्हणून भट्टीवरची आमची म्हातारी मंडळी चर्चचे कपडे घालून, बूट चकाकवून आली होती. चौकड्यांचा शर्ट आणि टोपी घातली होती फक्त दातांच्या डॉक्टरांनी. शर्टाच्या दुकानातल्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

टेसा कॅमेऱ्यामागे गेली. ड्वेन खुर्चीत बसला आणि त्याने माइकवर हात धरला.

"बाबा, काय हवंय तुम्हाला?"

"काही नाही. तू एकदा म्हण."

"काय म्हणू?"

"मी जिवंत आहे, एवढंच." म्हातारा म्हणाला. "तुझी आई मार्चमध्ये गेली. तू फुलं पाठवलीस."

फुलं चांगली पुरुषभर उंच होती. ड्वेन स्वतः मात्र गेला नव्हता. पडद्यावर विधवा असलेल्या बाईच्या शवपेटीशेजारी तिचा नवरा उभा असलेला बरा दिसला नसता.

"शुक्रवार होऊ दे. मग घरी येतो. शपथ."

"मी ब्याऐंशीचा आहे रे," म्हातारा म्हणाला. "मला आज हवंय."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

"मित्रांनो," ड्वेन म्हणाला, "आज माझ्यासमोर कोण बसलंय, माहीत आहे?"

म्हाताऱ्याने टोपी काढली आणि हाताने केस सारखे केले.

"हे एल्डनकाका. माझ्या वडिलांच्या खांद्याला खांदा लावून हे भट्टीवर उभे राहिले."

म्हाताऱ्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"काका, माझ्या वडिलांना तुम्ही ओळखत होता ना?"

"ओळखत होतो. चांगलाच."

"सुरेख," टेसा ड्वेनच्या कानातल्या यंत्रात म्हणाली. "आता डबा. डबा घे."

ड्वेनने सोबत आणलेल्या डब्यावर हात ठेवला. गळा वेळेवर दाटून आला. काका सांभाळून घेतायत म्हटल्यावर त्याला धीर आला होता. तो पुढे झुकला.

"मग आज सगळ्या देशाला सांगा, काका. माझे वडील कशाने गेले?"

म्हाताऱ्याने डब्याकडे पाहिलं. मग मुलाच्या दातांकडे पाहिलं.

"लाजेने," तो म्हणाला.

लव्हर्नच्या हातातली कॉफीची किटली तशीच अधांतरी राहिली. ड्वेनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी ते त्याने आणलेलं नव्हतं. त्याचा हात डब्यावरून निघाला आणि टेबलावरून म्हाताऱ्याच्या हाताकडे थोडा सरकला. आता हा म्हणेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. वाईट वाटतं सांगायला, पण मला तर त्याची कीवसुद्धा आली.

हात अर्ध्या वाटेवर थांबला. ड्वेन डोळे न पुसता कॅमेऱ्याकडे वळला.

"ऐकलंत, मित्रांनो? लाजेने," तो म्हणाला. "माझ्या बापावर ही वेळ वॉशिंग्टनमधल्या ज्यांनी आणली, त्यांची नावं घेऊन येतो. एका छोट्याशा ब्रेकनंतर."